लेबल नंतर, कापड आधी: नागपुरात जुने कपडे विकत घेताना

जुन्या कपड्यांच्या ढिगापुढे उभे राहिलेले बहुतेक गिऱ्हाईक पहिल्यांदा कॉलर उलटून लेबल पाहते. मी लेबल सर्वांत शेवटी पाहते. आधी कापड चिमटीत धरून चोळते, मग खांद्याची शिवण पाहते, मग कपडा उलटा करून आतली शिलाई तपासते, आणि एवढ्यातून तो उतरला तरच तो कोणत्या कंपनीचा आहे याची चौकशी करते. गेली काही वर्षे माझे कपाट बरेचसे अशाच कपड्यांवर चालले आहे, आणि शाळेत शिकवायला जाताना किंवा एखाद्या स्वागत समारंभाला मी जे घालते त्यातले पुष्कळसे आधी कुणाच्या तरी अंगावर होते, हे सांगितल्याखेरीज कुणाच्या लक्षात येत नाही. सांगितले की मैत्रिणी लगेच जागेचा पत्ता विचारतात. पत्ता मी आनंदाने देते, पण त्याच ढिगापाशी जाऊन त्या बहुधा रिकाम्या हाताने परततात, कारण या खरेदीत दुकानाला फारसे महत्त्व नसून कापडाची पारख आणि घराजवळचा एक चांगला शिंपी या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते, असे माझे मत आहे.

पारख करायची तर हे कपडे येतात कुठून हे आधी माहीत असावे, कारण वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या मालाचे दोष वेगवेगळे असतात. सर्वांत जुनी वाट आपल्या दारातून जाते. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण ज्यांनी लहानपणी पाहिली आहे, त्यांना तिची तपासणीही आठवत असेल. पँट हातात आली की ती आधी बसण्याच्या जागेचे आणि गुडघ्याचे कापड उजेडाकडे धरते, साडीचा काठ शेवटपर्यंत सरकवून पाहते, लहान मुलांच्या विटलेल्या कपड्यांकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि मग ज्या ढिगावर आपण मोठ्या पातेल्याची आशा धरलेली असते त्यावर एक छोटा डबा ठेवते. आपण कुरकुर केली की उत्तर ठरलेले असते, "ताई, याचा काठ तं गेला न, हे चिंधीतच जाते." ती खोटे बोलत नसते. तिने जमवलेला माल ठोक व्यापाऱ्याकडे जातो, तिथे त्याची वर्गवारी होते, घालण्याजोगे कपडे धुवून, टाके घालून, इस्त्री करून आठवडी बाजारांत जातात, मऊ सुती साड्यांना गोधडीसाठी गिऱ्हाईक असते, आणि उरलेल्या सुती कापडाच्या चिंध्या गॅरेजमध्ये आणि छापखान्यांत तेल-शाई पुसायला वापरल्या जातात. दिल्लीत रघुबीर नगरचा घोडा मंडी नावाचा बाजार या व्यवहाराचे मोठे केंद्र आहे, आणि तिथली उलाढाल पहाटे उजाडण्याआधीच सुरू होते. या वाटेने आलेल्या कपड्यात आपल्याकडच्या धुलाईचे दोष सापडतात. ब्रशने घासून विरलेली कॉलर, कडक उन्हात एका बाजूने उडालेला रंग, आणि दगडावर आपटल्यामुळे अर्धी तुटलेली बटणे ही त्याची ओळख.

दुसरी वाट परदेशातून येते. थंड देशांत लोकांनी दान केलेले किंवा टाकून दिलेले कपडे गाठी बांधून जगभर विकले जातात. भारतात वापरलेले कपडे आयात करण्यावर निर्बंध असून त्यासाठी परवाना लागतो. कांडलाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात अशा कपड्यांची वर्गवारी करून ते पुन्हा निर्यात करणारे कारखाने आहेत, आणि पानिपतला लोकरीचे जुने कपडे चिंध्यांच्या रूपात येतात, ज्यांच्यापासून पुन्हा सूत काढून स्वस्त कांबळी विणली जातात. पानिपतच्या मालाला तर नियमच असा आहे की तो आधी कापून, फाडून घालण्यास निरुपयोगी केलेला असावा. तरीही परदेशी जॅकेटे, जाड डेनिम आणि लोकरी कोट देशभरच्या पदपथांवर दिसतात, आणि ईशान्य भारतात तर या मालाचे मोठे बाजार भरतात. 'फॉरेनचा माल' म्हणून विकल्या जाणाऱ्या या कपड्यांची शिलाई बहुधा उत्तम असते, पण मापे आपल्या अंगाची नसतात आणि कापड आपल्या हवेचे नसते.

तिसरा प्रकार जुन्यात मोडत नाही, पण ढिगात शेजारीच असतो, आणि तो म्हणजे निर्यातीसाठी शिवलेला, परंतु ऑर्डर रद्द झाल्यामुळे किंवा किरकोळ दोषामुळे उरलेला माल. याचे लेबल अर्धे कापलेले असते किंवा त्यावर काळ्या शाईची रेघ मारलेली असते. हा नवाच असतो, म्हणून दोष कुठे आहे ते शोधल्याशिवाय घेऊ नये. एक बाही दुसरीपेक्षा अर्धा इंच लांब असणे किंवा पँटचा एक पाय फिरलेला असणे हे नेहमीचे दोष, आणि दुसरा दोष कोणत्याही शिंप्याला दुरुस्त करता येत नाही. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते जे स्वेटर घेऊन बसतात ते मात्र नवे असतात. अनेक जण त्यांनाही याच मालिकेत धरतात, तो गैरसमज आहे.

२०२० नंतर इन्स्टाग्रामवरची थ्रिफ्ट, म्हणजे वापरलेले कपडे विकणारी, दुकाने ही चौथी वाट निघाली. ती चालवणाऱ्या मुली कष्टाळू असतात, कपडे धुवून, इस्त्री करून, मापे लिहून टाकतात, आणि त्या श्रमाचे पैसे त्यांनी घ्यावेत हे योग्यच आहे. मला अडचण एवढीच वाटते की फोटोत कापड चिमटीत धरता येत नाही. म्हणून तिथून मी फक्त डेनिम घेते, कारण डेनिमबद्दल फोटोवरून बराच अंदाज बांधता येतो.

नागपुरात हा माल विखुरलेला आहे. सीताबर्डीच्या पदपथावर नवा आणि उरलेला माल जास्त, जुना कमी. वारांच्या नावांनी ओळखले जाणारे जे बाजार आणि पेठा आपल्याकडे आहेत, मंगळवारी, बुधवारी, शनिवारी, त्यांच्या आणि शहराच्या कडेला भरणाऱ्या आठवडी बाजारांच्या टोकाशी, भाजीवाल्यांची रांग संपते तिथे, ताडपत्री टाकून बसलेला जुन्या कपड्यांचा विक्रेता सापडण्याची शक्यता असते. तो दर आठवड्याला तिथेच असेल याची मात्र खात्री नसते, आणि म्हणूनच मी कुणा एकाची जागा येथे लिहीत नाही. सकाळी लवकर जावे. दुपारपर्यंत चांगला माल रिक्षाचालक, बांधकामावरचे मिस्त्री आणि वसतिगृहातली मुले घेऊन गेलेली असतात, आणि त्यांची नजर आपल्यापेक्षा तयार असते.

तसे पाहिले तर कापडाची पारख या शहराला नवी नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १८७७ मध्ये सुरू झाली. तिच्या जागेवर आज त्याच नावाचा मॉल उभा आहे. इतवारी आणि गांधीबागेत कापडाचा ठोक व्यापार आजही चालतो, आणि कोष्टी विणकरांची वस्ती या शहरात मिलच्याही आधीपासूनची आहे. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका पॉपलिन, कँब्रिक आणि लठ्ठा डोळे मिटून बोटांनी ओळखत असत. तयार कपडे घेण्याची सवय लागल्यावर आपल्या बोटांना ते काम उरले नाही. जुन्या कपड्यांच्या ढिगात ही विद्या पुन्हा कामाला येते, कारण तिथे धुण्याच्या सूचनांची आतली पट्टी बहुधा कापलेली किंवा पुसलेली असते आणि विक्रेता प्रत्येक गोष्टीला 'प्युअर कॉटन' म्हणतो.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या शहरात सुती आणि टेरिकॉट, म्हणजे सूत-पॉलिएस्टरचे मिश्रण, यांतला फरक हा शरीराच्या सुखाचा प्रश्न आहे. पहिली परीक्षा मुठीची. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट दाबून सोडला की सुती कापड चुरगळलेलेच राहते, पॉलिएस्टर असेल तर सुरकुत्या लगेच उकलतात, आणि मिश्रण असेल तर काही सुरकुत्या राहतात. दुसरी परीक्षा पाठीवरच्या बारीक गोळ्यांची. कृत्रिम धाग्याचे गोळे कापडाला चिकटून राहतात, कारण धागा चिवट असल्यामुळे ते गळून पडत नाहीत. ज्या कपड्यावर असे कडक गोळे दाट आहेत तो कितीही सुंदर दिसला तरी सोडून द्यावा. तिसरी परीक्षा घरी आल्यावरची, आणि तीही फक्त आतल्या शिलाईतून ओढलेल्या एका धाग्यावर करायची. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिएस्टर वितळून आकसते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो व राख बोटांत चुरडली जाते. या परीक्षेत व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, मात्र सुताचे सोंग घेतो, कारण तोही कागदासारखाच जळतो. त्याला पकडायचे तर धागा मधोमध ओला करून ओढावा. व्हिस्कोस ओला झाला की दुबळा होतो आणि ओल्या जागीच तुटतो. सूत ओले झाल्यावर उलट अधिक बळकट होते. व्हिस्कोसचा कुर्ता घेऊ नये असे मी म्हणत नाही, उन्हाळ्यात तो अंगाला गारच लागतो, पण तो पिळून, आपटून धुणाऱ्या घरात फार टिकणार नाही हे जाणून त्याची किंमत ठरवावी.

ताणल्या जाणाऱ्या जीन्सबद्दल एक विशेष सूचना. त्यातला इलास्टेनचा धागा कापसापेक्षा आधी मरतो. गुडघ्याचे कापड दोन्ही हातांनी ताणून सोडले आणि ते सपाट न होता त्यावर बारीक लाटा राहिल्या, तर त्या जीन्सचे आयुष्य संपले आहे असे समजावे, मग तिच्यावर कितीही मोठ्या कंपनीचा शिक्का असो. न ताणणारी, निव्वळ सुती डेनिम मात्र जितकी जुनी तितकी अंगाला सवयीची होत जाते, आणि जुन्या मालात माझे पहिले प्राधान्य तिलाच असते. फार गडद, एकसारखा निळा-काळा रंग दिसला तर ओला रुमाल आतून घासून पाहावा. विटलेली जीन्स रंगात बुडवून पुन्हा 'नवी' करण्याची पद्धत आहे, आणि तो रंग पहिल्या पावसात स्कूटरच्या सीटवर उतरतो.

कापड उत्तीर्ण झाले की मग माप. लेबलावरच्या आकड्यावर विसंबू नये. एका देशाचा १२ दुसऱ्या देशाचा ८ असतो. ब्रिटनमधले बायकांचे माप अमेरिकेतल्या मापापेक्षा साधारण ४ ने मोठ्या आकड्याने लिहितात, आणि युरोपातला पुरुषांचा ५० क्रमांकाचा कोट आपल्याकडच्या ४० क्रमांकाच्या जवळ जातो. त्यापेक्षा पर्समध्ये टेप ठेवावी आणि स्वतःच्या सर्वांत नेमक्या बसणाऱ्या कुर्त्याची खांदा, छाती, कंबर आणि उंची ही मापे फोनमध्ये लिहून ठेवावीत. ढिगापाशी कपडे बदलायची सोय नसते. टेप असली की तिची गरजही पडत नाही.

या मापांत खांदा सर्वांत महत्त्वाचा. कंबर आत घेता येते, उंची कमी करता येते, बाही आखूड करता येते, पण खांदा उतरत असेल तर तो जागेवर आणण्यासाठी बाही काढावी लागते, मुंढा पुन्हा कापावा लागतो, आणि मग छातीची जागाही बदलते. माझ्या वस्तीतले शिंपी मास्तर या कामाला सरळ नकार देतात आणि ते बरोबर आहे. उलट, कपडा सैल करायचा असेल तर आत किती कापड सोडले आहे ते पाहावे लागते. जुन्या काळी शिंप्याने शिवलेल्या कपड्यांत बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच कापड दाबलेले सापडते, कारण गिऱ्हाईक जाड होणार हे गृहीत धरलेले असे; कारखान्यात शिवलेल्या कपड्यांत ते जेमतेम असते आणि कडा ओव्हरलॉकच्या मशीनवर शिवतानाच कापून टाकलेल्या असतात. शिवाय जुनी शिवण उसवल्यावर आतले न विटलेले कापड बाहेर येते आणि त्याची वेगळ्या रंगाची पट्टी दिसते, याचाही विचार आधी करावा.

मास्तरांकडून मी करून घेते त्या कामांत सर्वांत समाधान देणारे काम कॉलर उलटवण्याचे आहे. चांगल्या सुती शर्टाची कॉलर दाढीच्या खुंटांनी आणि मानेच्या घामाने घडीवर विरते, बाकीचा शर्ट मात्र धडधाकट असतो. कॉलर उसवून, उलटी करून, पुन्हा बसवली की विरलेली बाजू खाली जाते आणि शर्ट आणखी काही वर्षे चालतो. पूर्वी घरोघरी करून घेतले जाणारे हे काम आता सगळेच शिंपी करत नाहीत, त्यांना आठवण करून द्यावी लागते. दुसरे काम बटणांचे. प्लॅस्टिकची पांढरी बटणे काढून शिंपल्याची किंवा लाकडाची लावली की दीडशे रुपयांचा शर्ट निराळाच दिसू लागतो. इतवारीत बटणे, लेस आणि अस्तरे विकणाऱ्या दुकानांत यासाठी एक सकाळ आनंदाने जाते. चेन अडकत असेल तर लगेच बदलू नये, तिच्या दातांवरून मेणबत्ती फिरवून पाहावी. धातूची चेन, विशेषतः वायकेके या जपानी कंपनीची, कपड्यापेक्षा जास्त टिकते. लोकरी कोटाला कसर लागून भोक पडले असेल तर रफूगराकडे न्यावे. चांगला रफूगर त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढून ते भोक असे विणतो की नंतर त्याची जागा बोटाने शोधावी लागते.

आता साड्यांविषयी, कारण या प्रांतात जुन्या कपड्यांतली खरी संपत्ती साड्यांत आहे. भंडारा आणि गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पोसले जातात, आणि त्या रेशमाच्या, काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी असलेल्या करवती साड्या विदर्भात पिढ्यान् पिढ्या विणल्या गेल्या आहेत. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या पश्चात ट्रंक रिकामी होते तेव्हा अशा साड्या कधी कधी भांड्यांच्या मोबदल्यात जातात. जरीच्या साड्यांची गत त्याहून वाईट, कारण खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार असल्यामुळे काही खरेदीदार साडी जाळून चांदी काढण्यासाठीच ती घेतात. जुनी रेशमी साडी घेताना ती पूर्ण उलगडावी आणि घड्यांच्या रेषा उजेडाकडे धराव्यात. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम त्या रेषेवर चिरते, आणि एकदा चिरू लागले की रफूही धरत नाही. अशी साडी नेसता येत नाही, पण दोन घड्यांच्या मधले कापड शाबूत असते, आणि त्यातून बिनबाह्यांचे जाकीट, ब्लाऊज किंवा ओढणीचा पदर उत्तम होतो. जी साडी नेसण्यासारखी आहे ती मात्र कापू नये. समाजमाध्यमांवर पैठणीचे गाऊन करण्याची जी लाट आहे ती मला पटत नाही. साडे पाच मीटर अखंड विणलेले कापड एकदा कापले की पुन्हा कुणालाही ते नेसता येणार नाही. सुती नऊवारी हा वेगळा विषय. तिच्यात साधारण ८ मीटर कापड असते, एका कुर्त्याला अडीच मीटर पुरते, आणि आता रोज नऊवारी नेसणाऱ्या बायका कमी राहिल्यामुळे त्या साड्या कपाटात पडून विरण्यापेक्षा कुर्ते होऊन वापरात यावेत, असे मला वाटते. कुर्ता शिवताना काठ गळ्याला न लावता बाहीच्या टोकाला आणि एका बाजूच्या चिरेला लावावा. गळा, बाही आणि घेर अशा तिन्ही ठिकाणी काठ लावला की तो कपडा शाळेच्या स्नेहसंमेलनातला दिसू लागतो.

जुना कपडा घातल्यावर तो जुना का दिसतो, यावर मी बराच विचार केला आहे. बहुतेक वेळा कारण एकच असते, ते म्हणजे सगळेच मवाळ, सगळेच विटलेले आणि सगळेच सैल असणे. म्हणून अंगावर एक विटलेली गोष्ट असली की दुसरी करकरीत असावी, हा नियम मी पाळते. विटलेल्या डेनिमवर कांजी करून कडक इस्त्री केलेला पांढरा सुती कुर्ता, किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या खादीच्या कुर्त्याखाली नवी, गडद रंगाची सलवार. वर्धा जवळ असल्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मालात खादी बऱ्यापैकी सापडते, आणि खादी ही नवी असताना टोचणारी, जुनी झाल्यावर मायाळू होणारी गोष्ट असल्यामुळे तिचे पहिले काही महिने दुसऱ्या कुणीतरी सोसलेले असतात हा आपला फायदाच. पुरुषांचे मोठे सुती शर्ट बायकांनी जरूर घ्यावेत, पण खांदा दीड-दोन इंचांपेक्षा जास्त उतरत असेल तर तो शर्ट बटणे न लावता कुर्तीवरून किंवा बनियनवरून उघडाच घालावा, कारण बटणे लावून तो नेटका दिसत नाही. साडीवर मात्र असा शर्ट ब्लाऊज म्हणून घातलेला मला आवडतो. सुती, एकरंगी साडी आणि बारीक चौकटीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायात कोल्हापुरी. शाळेत एकदोन भुवया उंचावतात, नंतर त्याच बायका शर्ट कुठून घेतला ते विचारतात.

परदेशी कोट आणि ब्लेझर यांच्याबाबत मोह आवरावा. नागपुरात थंडी खरी पडते, डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो, पण दुपारी ऊन असतेच, आणि अस्तर लावलेला जाड लोकरी कोट वर्षातले दहा महिने कपाटात कसर पोसतो. अस्तर नसलेला किंवा अर्ध्या अस्तराचा, सुती वा लिननचा ब्लेझर मिळाला तर तो घ्यावा; त्याच्या बाह्या मनगटाच्या हाडापर्यंत आखूड करून घेतल्या की तो दुसऱ्याकडून मागून आणल्यासारखा दिसत नाही. चामड्यासारखी दिसणारी पण रेक्झिनची जॅकेटे अजिबात घेऊ नयेत. त्यांच्यावरचा थर दमट हवेने सुटू लागतो आणि एका पावसाळ्यानंतर मानेवर काळी सालपटे गळतात. खऱ्या चामड्याची आतली बाजू रेशाळ, खरखरीत असते, विणलेल्या कापडाची नसते, एवढे पाहिले तरी पुरते.

धुण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. घरी आणलेले कपडे थेट कपाटात जाऊ नयेत. सुती कपडे चांगल्या गरम, म्हणजे ६० अंशांच्या पाण्यात भिजवावेत, रेशीम आणि लोकर रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी. जे धुता येत नाही ते काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नागपूरच्या उन्हाळ्यातल्या कडक उन्हात गच्चीवर ठेवले आणि आतपर्यंत चांगले तापले, तर ढेकूण आणि त्यांची अंडी बहुधा टिकत नाहीत, हे काम आपले ऊन फुकट करून देते. डांबरगोळ्यांचा वास धुण्याने पूर्ण जात नाही, हवेवर टांगण्याने जातो. काखेतले पिवळे डाग क्लोरीनच्या ब्लीचने अधिकच पिवळे होतात, म्हणून त्यांच्या वाटेला न जाता असा कपडा सोडलेला बरा. गंजाचा डाग मात्र घाबरण्यासारखा नाही, पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवले की तो बहुधा निघतो.

अंतर्वस्त्रे, मोजे आणि पादत्राणे मी जुनी घेत नाही. पादत्राणांचा तळ पहिल्या मालकाच्या चालीप्रमाणे झिजलेला असतो आणि ती झीज आपल्या गुडघ्यांना भोगावी लागते. 'मेलेल्या माणसाचे असेल तर?' हा प्रश्न मला सासूबाईंनी विचारला होता, आणि अनेक घरांत तो विचारला जातो. त्यावर मी वाद घालत नाही. ज्या घरात बाळाचे पहिले झबले आजोबांच्या मऊ झालेल्या धोतराचे शिवतात त्याच घरात परक्याच्या शर्टाची किळस वाटते, यात विसंगती आहे खरी, पण किळस वादाने जात नाही. मी त्यांना एक जुनी टसर नेऊन दाखवली, आणि आता ती त्यांच्याच कपाटात आहे.

किमतीचा हिशोब करताना कपड्याचे पैसे, शिंप्याचे पैसे आणि बटणे-अस्तराचे पैसे एकत्र धरावेत, आणि ही बेरीज तसेच नवे कापड घेऊन शिवण्याच्या खर्चाच्या निम्म्यावर गेली तर तो कपडा परत ढिगावर ठेवावा. विक्रेत्याशी घासाघीस मी एकदाच करते, तीही दोष दाखवून. "दादा, हिची चेन बदलावी लागते, पंचवीस कमी करा," एवढे म्हटले की तो बहुधा ऐकतो, कारण चेनचा भाव त्यालाही माहीत असतो. शर्ट शंभराचा असताना तो चाळीसवर आणण्यात मला पुरुषार्थ वाटत नाही; त्याच ढिगावर असे लोकही येतात ज्यांच्यासाठी हा छंद नसून कपडे घेण्याचा एकमेव मार्ग आहे, आणि आपण हौसेने गाड्या भरून माल उचलू लागलो तर भाव त्यांच्यासाठी वाढतो. जाड स्वेटर, ब्लँकेट आणि शाळेच्या गणवेशाचे पांढरे शर्ट मी या कारणासाठी उचलत नाही. गरजूंनी घेऊन जावेत म्हणून 'माणुसकीच्या भिंती'वर टांगलेल्या कपड्यांना तर हात लावण्याचा प्रश्नच नाही, तिथे ठेवायला जावे.

राहिला प्रश्न कधी जावे याचा. दिवाळीच्या साफसफाईत घरांतून सर्वाधिक कपडे निघतात, ते गोळा होऊन, निवडून, धुवून बाजारात यायला काही आठवडे लागतात, म्हणून सुती साड्या आणि कुर्त्यांसाठी नोव्हेंबरची अखेर आणि डिसेंबर हा काळ चांगला. ब्लेझर आणि डेनिम जॅकेट हवे असेल तर होळीच्या सुमारास जावे. तोवर ऊन तापू लागलेले असते आणि विक्रेत्याला ते पुढच्या थंडीपर्यंत सांभाळायचे नसते. पावसाळ्यात जाऊ नये, ओल लागलेल्या ढिगातला बुरशीचा वास आणि काळे ठिपके घरी आणलेल्या इतर कपड्यांनाही लागतात.